पैशांची बेगमी

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपण सर्रास वापरतो. पण हा तेरावा महिना खरं तर कधीच अचानक येत नाही. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो आणि तो कधी येणार, हे पंचांगात आधीच छापलेलं असतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. तरीही धोंड्याचा महिना लागला की घरोघरी धावपळ उडते. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, जमल्यास चांदीची एखादी वस्तू, लेकीला साडी. मग महिनाअखेरीस घरात प्रश्न निघतो, "या महिन्यात एवढा खर्च झाला तरी कसा?"

घरखर्चाचं गणित बहुतेक वेळा इथेच चुकतं. दूध, भाजी, किराणा यांचा अंदाज सगळ्यांनाच असतो. हातातून निसटतात ते वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी, पुण्याचं लग्न, गाडीचे टायर. यांतला बहुतेक खर्च आपल्याला आधीपासून माहीत असतो, पण महिन्याच्या बजेटमध्ये त्याला जागाच नसते. म्हणून या लेखाचं सांगणं एवढंच आहे, की घरखर्च आधी वर्षाचा मांडा आणि मग त्याला बाराने भागा.

कोठी, पुरुमेंत आणि बेगमी

ही कल्पना आपल्या घरांना नवी नाही. माळव्यात उन्हाळ्यात नवा गहू बाजारात आला की वर्षाचा गहू एकदम घ्यायचा, निवडायचा, ऊन दाखवायचं, एरंडेल चोळायचं आणि कोठीत भरायचा. बडोद्याच्या घरांतही हीच रीत. बेळगावकडे ब्याडगी मिरची आणून वर्षाचं तिखट करून ठेवायचं. गोव्यात पावसाआधी पुरुमेंत भरायचं, म्हणजे आमसुलं, सुक्या मिरच्या, चिंच, सुकी मासळी. मराठीत या सगळ्याला एक नेमका शब्द आहे, बेगमी.

बेगमी करणारी गृहिणी पुढचे बारा महिने डोळ्यांसमोर आणायची. घरात खाणारी तोंडं किती, सुट्टीत माहेरवाशिणी किती येणार, श्रावणात जेवायला किती जण, घरात कार्य आहे का, हे सगळं तिच्या मनात मांडलेलं असायचं. ती कदाचित वहीत एक ओळही लिहीत नसेल, पण तिचा हिशोब वर्षाचा असायचा.

आज पिठाची पाच किलोची पिशवी मोबाइलवर मागवली की थोड्या वेळात दारात येते. सोय झाली, यात शंका नाही. फ्लॅटमध्ये कोठी ठेवायला जागाही नाही. पण कोठीबरोबर पूर्ण वर्षाकडे पाहण्याची सवयही घराबाहेर गेली. पगार महिन्याचा, कर्जाचा हप्ता महिन्याचा, ओटीटीचे पैसे महिन्याचे, त्यामुळे विचारही महिन्याचाच. धान्याची बेगमी आता केली नाही तरी चालेल, पैशांची मात्र करायला हवी.

एका घराचा जमाखर्च

इंदूरमधलं एक घर उदाहरणादाखल घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावाप्रमाणे ते बदलतील. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी दुसरीत आहे, आई-बाबा सोबत राहतात. कर आणि पीएफ कापून एकाच्या हातात ५२ हजार येतात, दुसऱ्याच्या ३८ हजार, मिळून ९० हजार. बाबांना पेन्शन आहे, त्यातून आई-बाबा आपली औषधं आणि किरकोळ खर्च भागवतात. फ्लॅटसाठी ३० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी घेतलं आहे. व्याज साडेआठ टक्के धरलं तर हप्ता साधारण २६ हजार बसतो.

या घराचा महिन्याचा खर्च असा :

गृहकर्जाचा हप्ता – २६,०००
किराणा – ९,०००
दूध – ३,०००
भाजी आणि फळं – ५,०००
वीज, गॅस, पाणी – ३,५००
मोबाइल, इंटरनेट, ओटीटी – २,०००
पेट्रोल – ५,०००
घरकामाच्या मावशींचा पगार – ३,५००
शाळेची व्हॅन आणि क्लास – ४,०००
बाहेरचं खाणं, सराफा, सिनेमा – ५,०००
दोघांचा हातखर्च – ३,०००
एकूण – ६९,०००

म्हणजे महिन्याला २१ हजार उरायला हवेत, वर्षाला अडीच लाख. कागदावर घर अगदी सुखात आहे. प्रत्यक्षात वर्ष संपताना खात्यात अडीच लाख नसतात, उलट क्रेडिट कार्डाचं थोडं बिल अंगावर असतं. मग सुरू होतं, "तू तो नवा फोन घेतलास ना", "आणि तुझं दर शनिवारी मित्रांना घेऊन जेवायला जाणं?" आई-बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. खरं उत्तर दुसऱ्याच यादीत असतं. ही यादी वर्षाच्या खर्चांची :

शाळेची फी, पुस्तकं, गणवेश – ६०,०००
सगळ्यांचा आरोग्य विमा – ४२,०००
कमावत्या दोघांचा टर्म विमा – १८,०००
गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग – १६,०००
मालमत्ता कर – ६,०००
वर्षाचा गहू, डाळी, तिखट-मसाला – १०,०००
गणपती-गौरी – १२,०००
दिवाळी – २५,०००
लग्न-मुंजी, आहेर आणि त्यासाठीचा प्रवास – ३०,०००
सुट्टीतली सहल – ३०,०००
घरातली दुरुस्ती, मिक्सर-गिझर वगैरे – १५,०००
एकूण – २,६४,०००

याला बाराने भागलं तर महिन्याला २२ हजार येतात. हातात उरतात २१ हजार. हे घर उधळं नाही, कुणी चैनही करत नाही. तरी ते दर महिन्याला एक हजाराने तुटीत आहे, वर षाची बचत तर शून्यच. ही तूट दिसत नाही, कारण ती फीच्या, गणपतीच्या आणि दिवाळीच्या महिन्यांत विखुरलेली आहे. फोनवरून आणि जेवणावरून होणारं भांडण त्यामुळे भलत्याच जागी होतं.

५०-३०-२० चं काय?

समाजमाध्यमांवर पैशांचे सल्ले देणारे एक सूत्र हमखास सांगतात. हातात येणाऱ्या पैशातले ५० टक्के गरजांसाठी, ३० टक्के हौसेसाठी, २० टक्के बचतीसाठी. हे सूत्र अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांच्या २००५ मधल्या पुस्तकामुळे लोकप्रिय झालं. सूत्र चुकीचं नाही, पण वरच्या घराला ते लावून पाहा. गृहकर्ज, घर चालवणं, शाळा, विमा, गाडी आणि कर एवढंच धरलं तरी महिन्याला ७१ हजारांच्या आसपास जातात. म्हणजे गरजाच जवळपास ऐंशी टक्के झाल्या.

असं दिसलं की तरुण मंडळी दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर "आपल्याला जमणारच नाही" म्हणून बजेट सोडून देतात, नाहीतर महिनाभर काटकसर करून कंटाळतात. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालण्यापेक्षा आपलं माप आपण घ्यावं. आज बचत चार टक्के असेल तर चार टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि दरवर्षी ती वाढवावी.

रोजकीर्द आहे, खतावणी नाही

जुन्या जमाखर्चात दोन वह्या महत्त्वाच्या असत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल तसा, तारखेप्रमाणे लिहायचा. खतावणीत तेच आकडे खात्यांप्रमाणे उतरवायचे, म्हणजे धान्याला किती, वैद्याला किती, कार्याला किती हे कळायचं. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आपली रोजकीर्द आपोआप लिहिली जाते. नारळपाण्याचे साठ रुपयेसुद्धा बँकेच्या उताऱ्यात नोंदलेले असतात. खतावणी मात्र कुणीच करत नाही.

ती करायला दोन संध्याकाळी पुरतात. मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे उतारे काढा. वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. खाती पाचच ठेवा : घर चालवणं, कर्जाचे हप्ते, बेगमी, हौस आणि बचत. पंचवीस रकाने केले की तिसऱ्या दिवशी उत्साह मावळतो. एटीएममधून काढलेले पैसे 'रोख' म्हणून घर चालवण्यात धरा, त्याचा पैसान्‌पैसा शोधत बसू नका. वर्षातून एकदा-दोनदा येणारा प्रत्येक खर्च बेगमीत टाका आणि त्याच्यापुढे महिना लिहा.

हे करताना यूपीआय आणि कार्डावर आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमाही पाहून घ्या. कुणीच न पाहणारी ओटीटी, संपलेल्या क्लासचं ॲप, वाढवून ठेवलेली मोबाइलची साठवण. या यादीतून पाचशे रुपये निघाले तरी वर्षाचे सहा हजार होतात, म्हणजे या घराच्या गणपती-गौरीचा अर्धा खर्च.

मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ते खर्च मांडा. इंदूर-ग्वाल्हेरकडे अनेक शाळांचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, बडोद्याकडे साधारण जूनमध्ये, त्यामुळे फीचा महिना प्रत्येक गावी वेगळा. भाद्रपदात गणपती-गौरी, आश्विनात दसरा-दिवाळी, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण. विम्याच्या तारखा त्यातच बसवा. एका नजरेत दिसेल की आपल्या घरावर कोणते तीन महिने जड जातात.

बेगमीचं खातं

आता मुख्य काम. बेगमीसाठी वेगळं बचत खातं उघडा, शक्यतो रोजच्या खात्याहून वेगळ्या बँकेत, आणि त्याला यूपीआय जोडू नका. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. फी, विमा, दिवाळी, प्रवास यांचे पैसे फक्त या खात्यातून काढायचे. रोजच्या खात्यात जे उरेल त्यातच महिना चालवायचा. उरलेल्या पैशात बेगमी करायला गेलं तर ती होत नाही, कारण महिनाअखेरीस उरत काहीच नाही.

पहिल्या वर्षी एक अडचण येते. खातं रिकामं असतं आणि दोन महिन्यांत फी दारात उभी राहते. त्याला तीन उपाय आहेत. जड महिना संपल्यावर सुरुवात करा. दिवाळीचा बोनस किंवा थकबाकीची रक्कम मिळाली तर पहिलं भरणं त्याने करा. शाळा तिमाही हप्ते घेत असेल तर पहिल्या वर्षी ती सवलत घ्या. एकदा पूर्ण वर्ष फिरलं की खातं आपल्या पायावर उभं राहतं.

तारीख पक्की असलेल्या मोठ्या खर्चाला, म्हणजे फी किंवा विम्याला, बँकेतली बारा महिन्यांची आवर्ती ठेवही चांगली. ती खर्चाच्या महिनाभर आधी पुरी होईल अशी लावावी. पोस्टातली आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, तेव्हा ती या कामाला नको.

पैसा कुठे ठेवतो याकडेही लक्ष हवं. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे आणि ती सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्था आणि क्रेडिट सोसायट्या मात्र या विम्यात येत नाहीत. आपल्या अनेक घरांचं सोसायटीशी दोन-तीन पिढ्यांचं नातं असतं, संचालक ओळखीचे असतात. नातं जरूर ठेवावं, पण जो पैसा बुडाला तर मुलीची फी अडेल, तो तिथे ठेवू नये.

तूट कशी भरायची

वरच्या घराने वर्षाचा तक्ता पाहून काय केलं असतं? विमा आणि शाळेला हात लावला नाही. बाहेरचं खाणं पाच हजारांवरून साडेतीनवर, ओटीटी-मोबाइल दोन हजारांवरून दीडवर, आठवड्यातून काही दिवस दोघं एकाच गाडीने गेले म्हणून पेट्रोल पाचवरून चारवर. महिन्याचे तीन हजार वाचले. वर्षाच्या यादीत दिवाळी २५ हजारांची १९, सहल ३० ची १८, लग्नकार्यं ३० ची २४. वर्षाचे २४ हजार, म्हणजे महिन्याचे दोन हजार.

आता घर चालतं ६६ हजारांत, बेगमीला जातात २० हजार, उरतात चार हजार. एक हजाराची तूट जाऊन चार हजारांची शिल्लक झाली आणि यात कुणाचा सण बुडाला नाही. हे शक्य झालं, कारण वर्षाची यादी समोर होती. महिन्याच्या हिशोबात दिवाळीच्या सहा हजारांवर कधी चर्चाच होत नाही, तेव्हा सगळे फराळात आणि खरेदीत गुंतलेले असतात.

हे चार हजार अडीअडचणीचा निधी. नोकरी गेली, दवाखाना निघाला, तर निदान तीन महिने घर चालावं एवढा तो असावा. या घरासाठी सुमारे दोन लाख. महिन्याला चार हजारांनी चार वर्षांहून जास्त लागतील. पण दरवर्षी पगार पाच टक्क्यांनी वाढला आणि त्या वाढीचा निम्मा भाग इकडे वळवला, तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस सव्वादोन लाख जमतात. उरलेली निम्मी वाढ महागाईला लागेल. निधी भरेपर्यंत नवं कर्ज काढू नये, हे ओघानेच आलं.

या काळात क्रेडिट कार्डाला जपा. बिल पूर्ण भरलं तर कार्ड सोयीचं आहे. 'किमान रक्कम' भरून बाकीचं पुढे ढकललं, तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या वर जातं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. भिशी शिस्त लावते, मैत्रिणी जमतात, मजा येते. पण नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून अडीअडचणीचा निधी भिशीवर सोपवू नये.

निधी भरला की 'तेरावा हप्ता' सुरू करा. वर्षातून एकदा, बोनस मिळाल्यावर, गृहकर्जाचा एक जादा हप्ता मुदलात भरायचा. वरच्या कर्जात वीस वर्षांत सुमारे साडेबत्तीस लाख रुपये व्याज जातं. पहिल्या वर्षापासून दरवर्षी एक जादा हप्ता भरला तर कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही.

दूर राहण्याचा खर्च

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहतो, पण मामा नागपूरला, आत्या पुण्याला, कुलदैवत कोकणात. वर्षाला दोन-तीन पत्रिका येतातच. पुण्याच्या मंडळींना लग्न म्हणजे एक दिवस आणि एक आहेर. आपल्याला ते तिकिटं, रजा, राहणं आणि आहेर असं पडतं. हा खर्च बेगमीत स्वतंत्र मांडा, नाहीतर तो 'इतर' मध्ये लपून बसतो.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तारीख कळली की साठावा दिवस मोबाइलमध्ये लावून ठेवा. तत्काळचे आणि शेवटच्या क्षणी काढलेल्या विमानाच्या तिकिटांचे जादा पैसे त्याने वाचतात. घरातून कोण जाणार, हेही आधी ठरवा. सख्ख्या नात्यात सगळे, पुढच्या नात्यात दोघं, बाकी ठिकाणी फोन आणि आहेर. जुन्या घरांत आहेराची वही असायची, ती पुन्हा सुरू करण्यासारखी आहे. वर्षाची रक्कम ठरलेली असली की कुणाला नाही म्हणताना ओशाळं वाटत नाही आणि ज्या कार्याला जायचंच, तिथे मन मोकळं ठेवून जाता येतं.

आई-बाबा, विमा आणि मार्चमधली पॉलिसी

फेब्रुवारी-मार्च आला की बाबा म्हणतात, "कर वाचवायला एक पॉलिसी काढून टाक." त्यांच्या काळात हा सल्ला बरोबर होता. आता नव्या कररचनेत ८०सी ची वजावट मिळत नाही. १ एप्रिल २०२५ पासून नव्या रचनेत पगारदारांना प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर लागत नाही. त्यामुळे आधी आपण कोणत्या रचनेत आहोत ते पाहा. जुनी रचना निवडली असेल तर हिशोब वेगळा. नव्यात असाल, तर केवळ करासाठी पॉलिसी घेण्यात अर्थ नाही. विमा हवा तो संरक्षणासाठी. कमावणाऱ्याला साधा टर्म विमा आणि सगळ्या घराला आरोग्य विमा. बाबांना हे उर्मटपणे सांगू नका, त्यांच्या शेजारी बसून आकडे दाखवा. बहुतेक बाबांना आकडे पटतात.

दोन गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला गेला आहे. नूतनीकरणाची पावती त्या दृष्टीने तपासा. घरात कुणी सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय या कार्डावर आहे. आपल्या शहरातली कोणती रुग्णालयं यात आहेत, ते दुखणं नसतानाच पाहून ठेवावं.

दोन पगार, एक घर

दोघं कमावत असतील तर घरखर्च निम्मा-निम्मा वाटणं वरवर न्याय्य दिसतं. पण ५२ आणि ३८ हजारांच्या घरात निम्मं म्हणजे ३८ वाल्याचा खिसा जवळपास रिकामा. ज्याच्या-त्याच्या पगाराच्या प्रमाणात एका सामाईक खात्यात पैसे टाकावेत, हे बरं. वरच्या घरात शंभरातले ५८ एकाचे, ४२ दुसऱ्याचे.

हातखर्चाचे दीड-दीड हजार मात्र सारखे आणि बिनहिशोबी असावेत. त्यातून त्याने पुस्तकं घेतली की तिने कानातले, हे कुणी विचारायचं नाही. यादीत इतर ठिकाणी कात्री लागली तेव्हाही या रकमेला हात लावला नव्हता, तो याचसाठी. प्रत्येक शंभर रुपयांचा जाब द्यावा लागला की लोक लपवायला लागतात, आणि लपवालपवी सुरू झाली की कोणताच तक्ता खरा राहत नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घरात पैशांचं सगळं एकालाच ठाऊक असतं, हे आपल्याकडे फार दिसतं. तो माणूस आठवडाभर अतिदक्षता विभागात राहिला, तर विम्याचा कागद कुठे, कर्जाचा हप्ता कोणत्या खात्यातून जातो, हे दुसऱ्याला माहीत नसतं. म्हणून एक पान लिहून ठेवा : खाती, विमे, कर्जं, ठेवी, वारसांची नावं. पासवर्ड त्यावर नकोत. हे पान दोघांना आणि आई-बाबांना माहीत असावं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत वारस म्हणून नावं देता येतात. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून जुनीच नावं असतील, ती बदलून घ्या.

हे सगळं एका बैठकीत होणार नाही आणि व्हायलाही नको. एका रविवारी खतावणी, पुढच्या रविवारी दिनदर्शिका, तिसऱ्या रविवारी बेगमीचं खातं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी अर्धा तास पुरतो. मुलांना बसू द्यावं. दिवाळीला एकोणीस हजार आहेत आणि त्यातच फटाके, कपडे, फराळ, हे ऐकलेलं मूल दुकानात हट्ट करताना निदान एकदा विचार करतं.

तेरावा महिनाही बेगमीत धरून टाका. २०२६ नंतरचा अधिक महिना मार्च २०२९ मध्ये, चैत्रात येईल. जून २०२६ पासून तोवर ३३ महिने मिळतात. महिन्याला दोनशे रुपये बाजूला पडले तर ६,६०० होतात. तेवढ्यात अनारशांचं वाण, लेकीची साडी आणि जावयासाठी एखादी छोटी वस्तू आरामात बसेल.